तागुताचे सुट्टे

रांजण मुका होता.

डोक्याचा रुमाल मागे सारून मी पुन्हा कान लावला. काही नाही. जिवंत बिअर आत बोलत असते. बारीक बुडबुडे फुटतात, कुजबुज चालते, वाकून वास घेतला तर नाकाला झिणझिण्या येतात. इथे नाकाला नुसता थंड पेजेचा वास. उद्या सकाळी हीच बिअर वर्षापूर्वी गेलेल्या माझ्या पुतण्याच्या, तागुताच्या, कबरीवर ओतून त्याचा आत्मा घरी आणायचा होता, आणि ही बया मढ्यासारखी थंड पडलेली.

"काय म्हणतोय रांजण?" दारातून शोराईने विचारलं.

"झोपलाय अजून," मी म्हटलं. "थंडी केवढी आहे!"

"थंडी तर दर वर्षीच असते, काकू."

शोराई म्हणजे तागुताची थोरली बहीण, माझी पुतणी. बहिणीने मोड आणलेल्या नाचणीशिवाय आमच्यात कबरीची बिअर होत नाही. म्हणून नाचणी तिची, आणि रांधायचं माझ्यासारख्या विटाळ सुटलेल्या म्हातारीने. आल्यापासून ती दारातच चटई टाकून बसली होती. पाय पसरून, जाणाऱ्या-येणाऱ्याला ओलांडून जावं लागेल अशी.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, रांजण काय ते सांगेल," ती आता अंगणाकडे तोंड करून बोलायला लागली, म्हणजे मुचानेटाला ऐकू जावं. "टोमॅटो विकायला जातात म्हणे बायका. ट्रकच्या केबिनमध्ये बसून! माझ्या भावाची माती सुकली नव्हती तेव्हापासून."

मुचानेटा, तागुताची बायको, अंगणात लाकडं फोडत होती. तिने मान वर केली नाही. कुऱ्हाड मात्र जरा जोरात बसली.

आता आमच्याकडची रीत सांगते. कबरीची बिअर चढली नाही, म्हणजे फसफसून वर आली नाही, तर मेलेल्याने ती नाकारली असं धरतात. आणि मेलेला नाकारतो कुणामुळे? बायकोमुळे. दुसरं कोण सापडतंय! मग तिला माहेरी धाडायचं, घर दिराला द्यायचं. दीर म्हणजे गोंडो. तो सकाळपासून तागुताच्या विटांच्या घराभोवती हात मागे बांधून फिरत होता. एकदा तर त्याने खिडकीची चौकट हलवून पाहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, पोरीने तागुता आजारी असताना वर्षभर त्याचं थुंकीचं भांडं उचललं, तेव्हा कुठे होतास मेल्या?

आणि कुळाचा वडीलधारा, आम्ही सगळे ज्यांना मुकन्या म्हणतो, ते सूर्य बुडायच्या आत रांजणाला कान लावायला येणार होते.

मी तुंब्याने थोडी बिअर काढून घेतली. "चाखायला नेते," म्हटलं. रांधणारीला तेवढा हक्क आहे. शोराईने पाय आखडून घेतले, पण कुरकुरलीच.

"चाखा, चाखा. पण ते तुमचं खाऊचं दुकान इथे नको हं काकू. मुकन्यांनी बजावलंय."

बजावलं होतं खरं. मला गावात माई फुंगाई म्हणतात, फुंगाईची आई म्हणून, पण पाठीमागे म्हणतात गोळीवाली. कारण विकायच्या बिअरमध्ये मी खाऊच्या गोळ्या घालून बघते. कुणी म्हणेल म्हातारीला चळ लागलाय. लागू दे. साखर महाग झाली तेव्हा एकदा मूठभर संत्र्याच्या गोळ्या टाकल्या, आणि काय सांगू, बिअर अशी उसळली की झाकण उडालं! रंग मात्र ट्रॅक्टरच्या डिझेलसारखा. टॉफी टाकली तर तळाला चिकटली, चांगलं मडकं वाया गेलं. च्युइंगम टाकलं त्याची गोष्ट मी कुणाला सांगत नाही. पण माणसं यायची, हसायची, आणि दोन-दोन तुंबे रिचवून जायची. मुकन्यासुद्धा यायचे. तेवढं मात्र म्हणायचे, "माई फुंगाई, तुझ्या मडक्यात काय वाटेल ते घाल. पितरांच्या रांजणात एक गोळी जरी पडली तर तुला या गावात चूल मांडू देणार नाही."

माझं स्वयंपाकघर चार घरं सोडून आहे. तिथे जाऊन मी नाचणीच्या पोत्याच्या तळाशी उरलेले मोडाचे दाणे चाचपले. कालपर्यंत शोराईच्या भरवशावर मी ते तोंडातसुद्धा घातले नव्हते. ती पितरांची नाचणी, कोण तपासतं? आता एक दाणा दाताखाली धरला. मोडाची नाचणी चावली की गोड लागते, दुधाळ. ही कडू होती. भाजकी!

मी दुसरा दाणा चावला, तोही तसाच. बाई गं! उन्हात वाळवायची नाचणी हिने चुलीवर वाळवली होती. गेला आठवडाभर धुकं आणि भुरभूर, ऊन कुठलं यायला? घाई झाली असेल, तव्यावर टाकली असेल. मोड आचेवर मेला की त्यात ना गोडी राहते ना बिअर चढवायचं बळ. म्हणजे तागुता रागावलेला नव्हता, मुचानेटाचं काही चुकलं नव्हतं. पण हे मुकन्यांना जाऊन सांगायचं कुणी? मी? कुळाच्या लेकीने पितरांची नाचणी जाळली म्हणून? त्यांनी माझंच तोंड धरलं असतं, "सून वाचवायला लेकीवर ढकलतेस का?" म्हणून. आणि सांगून बिअर थोडीच चढणार होती! नवी नाचणी भिजवून मोड यायला दिवस लागतात. पाहुणे तर निघाले होते.

मग मी तेच केलं जे मला येतं. तीन मग घेतले. प्रत्येकात ती मुकी बिअर, वर माझ्या विकायच्या मडक्यातला चमचाभर गाळ, विरजणासारखा. एकात लाल गोळी ठेचून टाकली, एकात टॉफी, तिसरा नुसता गाळाचा. चुलीच्या कडेला ठेवून दिले आणि गोधडी पांघरली. गोधडी वर करून मी किती वेळा बघितलं असेल!

दुपारी नुसत्या गाळाचा मग तसाच निजलेला. खायलाच नाही तर उठेल काय? टॉफीवाला जागा झाला होता, पण त्याला करपलेल्या दुधाचा वास, कुणीही ओळखलं असतं. लाल गोळीवाला मात्र फसफसत होता. मी आनंदाने मग उजेडात धरला आणि कपाळाला हात लावला. फेस गुलाबी! हिरड्यांसारखा गुलाबी. कबरीवर गुलाबी बिअर ओतली असती तर म्हातारे किंचाळत पळाले असते.

पांढरी गोळी पाहिजे होती. आणि पांढऱ्या गोळ्या जवळपास एकाच ठिकाणी होत्या.

तागुता बसवर कंडक्टर होता. आमच्याकडे बसमध्ये सुट्टे कधीच नसतात, कुणाकडेच नसतात. तागुता सुट्ट्यांच्या जागी पेपरमिंट द्यायचा. पांढऱ्या गोळ्या, खांद्याच्या पिशवीत डबा भरलेला. सगळा रस्ता त्याला शिव्या द्यायचा आणि सगळा रस्ता गोळ्या चघळायचा. शोराईचा आवाज तर बसच्या टपापर्यंत जायचा, "मेल्या, सख्ख्या बहिणीला पण सुट्टे नाहीत?" तो दात काढून म्हणायचा, "ताई, तुला दोन देतो." माणूस गेला तेव्हा डबा अर्धा भरलेला होता. मुचानेटाने तो आपल्या कपड्यांच्या पेटीत ठेवला होता. त्यातली एक गोळी तिने पोरांनासुद्धा दिली नव्हती.

ती नळावर गेली होती, तिथे मी तिला गाठलं. सगळं सांगितलं. नाचणीचं, मगांचं, गुलाबी फेसाचं.

"काकू, ते नका मागू," ती म्हणाली.

"दुसरं काही असतं तर मागितलं असतं का?"

"आणि तो खरंच रागावला असेल तर?" तिने बादली नळाखाली सरकवली. "त्याला इस्पितळात नेलं तेव्हा मी बाजारात होते. टोमॅटो विकत होते, काकू. त्याने मला विचारलं असेल. कुणी सांगतच नाही विचारलं की नाही."

"विचारलं होतं," मी म्हटलं. मी होते तिथे. "म्हणाला, तिला सांगा, टोमॅटो स्वस्तात देऊ नकोस."

ती हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेना. मी रडू दिलं. वर्षभर दडवलेलं रडू आहे, कुठेतरी निघायला हवंच. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पण मग उठवणार कोण रांजणाला? गोळ्याच ना? तो थोडाच."

"गोळ्या कुणाच्या आहेत गं?"

तिने नळ बंद केला. मग बादली तिथेच टाकून घरात गेली आणि डबा घेऊन आली. झाकण तिनेच उघडलं. वास अंगावर आला, आणि खरं सांगते, मला वाटलं मागून आवाज येईल, पुढे सरका, पुढे सरका.

गोळ्या मी पाट्यावर वाटल्या. सगळ्या. रांजण मोठा, अर्ध्यामुर्ध्याने भागणार नव्हतं. पूड आणि गाळ एका गाडग्यात कालवून कोमट केलं, वर फडकं बांधलं, आणि निघाले. ऊन उतरायला लागलं होतं. आणि दारात शोराई, पाय पसरून.

"काय आहे गाडग्यात?"

मी कनवटीतले नाचणीचे दाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले. "चाव."

"हे काय आता?"

"तुझेच आहेत. चाव म्हणते ना!"

तिने दाणे तोंडात टाकले. दोनदा चावले. मग तिचा जबडा थांबला. आयुष्यभर नाचणी हाताळलेली बाई ती, तिला मी काय सांगायचं?

"धुकं होतं, काकू," ती हळूच म्हणाली. "ऊनच पडेना. मी म्हटलं, थोडीशीच आच."

"मला नकोय ते. मी मुकन्यांकडे गेले नाही अन् जाणार नाही. तू फक्त ऊठ आणि पाणी आण जा."

"पाणी आहे की भरलेलं."

"शोराई. पाणी आण."

ती गाडग्याकडे बघायला लागली. अंगणाच्या टोकाला गोंडो उभा होता, आमच्याकडेच बघत. तिने नुसती हाक मारली असती, "भावा, इकडे ये रे, ही काय घेऊन आली बघ," की खेळ खलास. मुचानेटाचा आणि माझाही. या बाईने वर्षभर त्या पोरीला चावून चावून खाल्लं होतं. आता सावरून घ्यायचं म्हणजे ते सगळं गिळायचं. लोकांना जमतं का ते? मला तर नसतं जमलं.

शोराईने पाय आखडले. उठली, बादली उचलली, त्यातलं भरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं आणि रिकामी घेऊन नळाकडे चालू लागली. वाटेत गोंडोला म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? लाकडं आण!" आणि त्याला बरोबर घेऊन गेली.

मी आत शिरले. चिमूटभर तपकीर जमिनीवर सोडली, मुकन्या पितरांना सोडतात तशी. "तागुता, बाळा," म्हटलं, "मुकन्या माझी चूल मोडतील ते मी बघून घेईन. तू तेवढा ऊठ." आणि गाडगं रांजणात रिकामं केलं. लाकडी पळीने ढवळलं, घोंगडी गुंडाळली, बाजूला निखारे सारले.

मुकन्या आले तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता. काठी टेकत, मागे चार म्हातारे. मुचानेटा भिंतीला टेकून उभी, हात छातीशी. मुकन्यांनी घोंगडी बाजूला केली, टोपी काढली आणि कान लावला. किती वेळ! गोंडोने घसा खाकरला तसं त्यांनी बोट वर केलं, गप्प. मी त्यांच्या कानाच्या केसांकडे बघत होते. देवा, एक बुडबुडा. एकच दे.

"बोलतोय," मुकन्या म्हणाले. मग भुवई चढवली. "पण बारीक बोलतोय. सकाळी बघू." टोपी घालून ते गेले. मुचानेटाने निखारे पुन्हा रांजणाशी सारले.

सकाळी घोंगडी काढली तर फेस काठावर आलेला, पांढराशुभ्र. मी नाचणारच होते, पण वाकले आणि गोठले. पेपरमिंट! झाकता न येणारा वास, रांजणातून सरळ वर येणारा. रंगाचं बघता बघता मी वासाचं विसरले होते का? विसरले नव्हते. वाटलं होतं नाचणीत बुडेल. नाही बुडाला.

आता काय करणार? अंगणात ढोल सुरू झाले होते.

कबरीपाशी सगळं गाव जमलं. रीतीप्रमाणे पहिला घोट माझा, रांधणारीचा, विष नाही हे दाखवायला. मी प्यायले. थंड वारा नाकातून डोक्यात गेला. तोंड वेडंवाकडं न करता मी तुंबा पुढे केला. मुकन्यांनी घोट घेतला आणि गिळता गिळता थांबले.

ढोलवाल्याने हात आवरला.

मुकन्यांनी तुंब्यात डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ते माझे जुने गिऱ्हाईक, त्यांना काय कळायचं राहिलं होतं? त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

"याला वास कसला?" गोंडोने रांजणात नाक घातलं होतं. "औषधाचा वास आहे! काहीतरी घातलंय हिने! मुकन्या, मी सांगत नव्हतो? हिला विचारा!" त्याने मुचानेटाकडे बोट केलं, आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. कुणीतरी बाई पोराला ओढून मागे सरकली. मुचानेटाने मान खाली घातली नाही. पण मी बघितलं, ती पाय मातीत रुतवून उभी होती.

मी तोंड उघडणार, सगळं ओकणार, तेवढ्यात मुकन्यांनी हात वर केला.

"म्हातारी गप्प. गोंडो तू पण. ज्याची बिअर त्याचं रक्त बोलू दे." त्यांनी तुंबा शोराईच्या हातात दिला. "तू थोरली. तू चाख आणि सांग. ही तुझ्या भावाने घेतली की नाही?"

आता तिच्या हातात सगळं होतं. वासाने काय ते तिला कळलंच असणार. एक शब्द, "गोळ्या", एवढंच बोलायचं होतं तिला. नाचणीचं कोण विचारत बसलं असतं मग? ती सुटली असती आणि आम्ही दोघी गेलो असतो.

शोराई प्यायली. एक घोट, मग दुसरा. तुंबा खाली आला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. गाल आत-बाहेर होत होते, काहीतरी चघळल्यासारखे. मग तिचा बांध फुटलाच. कबरीकडे वळून ती ओरडली, अशी ओरडली की झाडावरचे पक्षी उडाले.

"मेल्या! सख्ख्या बहिणीला पण सुट्टे नाहीत?"

मग मागून, बसने रोज तालुक्याला जाणारा एक म्हातारा फसकन हसला. "मला पण दे रे तागुता!" दुसरा म्हणाला, "माझे तर वर्षाचे राहिलेत!" आणि सगळी रांग तुंब्यावर तुटून पडली. प्यायचे, जीभ टाळ्याला लावायचे, रडायचे, हसायचे. शोराई कबरीच्या मातीवर बसून हमसाहमशी रडत होती, आणि पहिल्यांदा ते रडणं कुणाला ऐकवायला नव्हतं.

मुकन्यांनी तुंबा परत भरून घेतला. स्वतः न पिता मुचानेटापुढे धरला. "घे, सूनबाई. आला तुझा नवरा घरी. घर तुझं, शेत तुझं. गोंडो, खिडक्या हलवायच्या नाहीत." मग माझ्या जवळून जाताना, ओठ न हलवता म्हणाले, "माई फुंगाई, पुढच्या वेळी कमी घाल."

मुचानेटाने तुंबा दोन्ही हातांनी धरून तळापर्यंत रिकामा केला.

संध्याकाळी पांगापांग झाल्यावर आम्ही तिघी भांडी घासत होतो. शेवटी शोराई रांजणात हात घालून म्हणाली, "एक तरी ठेवायची होतीत, काकू." तिने मुचानेटाकडे बघितलं नाही. मुचानेटा उठली, आत गेली, आणि रिकामा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. "एवढंच आहे, वन्सं." शोराईने झाकण उघडलं, नाक लावलं, घट्ट बंद केलं आणि काखोटीला मारून घरी गेली. माफी वगैरे काही मागितली नाही. शोराईच ती.

पुढल्या हिवाळ्यात मुकन्यांच्या भावाची बिअर करायची होती. त्याला बहीण उरली नव्हती, म्हणून नाचणी कुळाच्या लेकीची, शोराईची. धुकं तसंच, भुरभूर तशीच. शोराई माझ्या दारात आली, कडेवर तोच डबा. उघडून पुढे केला. आत मोडाची नाचणी, उन्हाची वाट बघत बघत रोज आत-बाहेर करून वाळवलेली.

"चावा," ती म्हणाली.

मी चावली. गोड होती, आणि जराशी थंड.